घरचं लोणी: घुसळणीच्या आठवणी

काल माळा आवरताना आजीची रवी सापडली. एक पाकळी उंदरानं कुरतडलेली. नाकाशी धरली तर अजून आंबूस वास! सगळं काम तसंच टाकून बसून राहिले. खांबाला रवी, तिला दोराचे वेढे, खाली डेरा. दोराचं एक टोक आजीच्या हातात, एक माझ्या. आधी पातळ सळसळ, मग आवाज एकदम जड व्हायचा. आजी डेऱ्यात न बघताच सांगायची, "आलं गं, पाणी ओत." थंडीत कोमट, उन्हाळ्यात माठातलं. तुमच्याकडे कसं असायचं? लिहा ना.

– डेरा कुठला! एकच गाय. आठवडाभराची साय विरजून बरणीत भरायची आणि मांडीवर आपटत पाढे म्हणायचे. एकोणतीसचा पाढा माझा लोण्यामुळे पाठ आहे.

– लोणी राहू दे, बेरी!! तूप कढवलं की कढई कुणाची यावरून भावाशी मारामारी. गरम बेरीत साखर, अहाहा.

– साखर नाही हो, गूळ.

– 😂 साखरच.

– गायीचं लोणी पिवळसर आणि म्हशीचं पांढरंशुभ्र का? चाऱ्यातलं कॅरोटीन गायीच्या दुधात उतरतं, म्हैस त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते. डेअरीत नोकरी झाली, सवय जात नाही.

– म्हणजे सासूबाई उगाच मला बोलायच्या, हळदीचा हात लावलास म्हणून!

– मिक्सरचं झाकण उडून साय छतापर्यंत गेलेली फक्त माझीच का? पाल पडली असं समजून नवरा धावत आला.

– आमच्याकडे ताक विकायचं नाही अशी रीत. सकाळी दारात तांबेच तांबे. एक काकू मात्र पदराआड तांब्या धरून आधी पावसापाण्याच्या गप्पा मारायच्या. ताकाला जाऊन भांडं लपवणं शाळेत शिकायच्या आधी डोळ्यांनी पाहिलंय.

– न्यू जर्सीत क्रीमला विरजण लावते, फूड प्रोसेसरमध्ये फिरवते. लोणी मस्त येतं, पण ताक प्यायला घरात कुणी नाही. बेसिनमध्ये ओतते. आईला हे सांगितलेलं नाही.

– अगं कढी कर! नाहीतर कुंडीतल्या कढीपत्त्याला घाल.

– कढीपत्ता जगतो तिकडे?? माझा पुण्यात जगत नाही.

– ताई, रवी टाकू नका. सुताराकडून पाकळी बसवून घ्या. आणि उंदराचं काय केलंत?

– अजून माळ्यावरच आहे तो. पिंजऱ्यात काय ठेवू? भजी खात नाही.

– लोणी ठेवा, सवयीचा आहे.