चांदीच्या कानातल्यांत काँक्रीटचा पोत कसा आणायचा?

रेघोटी:
वास्तुविशारद ल कॉर्बुझिएची फ्रान्समधल्या मार्सेयमधली इमारत, युनिते दाबितासियों (१९५२), माझी फार लाडकी. काँक्रीट ओतताना लावलेल्या फळ्यांचे ठसे त्यावर तसेच राहू दिलेत, लाकडाच्या रेषांसकट. तसा खडबडीतपणा चांदीत हवाय. साधारण १५ मिमीचा ठोकळा डोक्यात आहे. पत्र्यावर हातोडीने पोत काढला तर तो ठोकलेलाच दिसतो. काय करू?

मोजपट्टी:
आधी वजन बघा. एवढा भरीव ठोकळा स्टर्लिंग (९२.५ टक्के) चांदीत ३५ ग्रॅमच्या आसपास जातो, कानाची पाळी ओढली जाईल. अर्धा मिमी पत्र्याचा पोकळ केलात तर साधारण ७ ग्रॅम. पण बारीक भोक ठेवाच, नाहीतर झाळताना आत कोंडलेली हवा तापून सांधा फोडते.

ओतकाम:
हातोडीने जमणार नाही, कारण काँक्रीटवरचा तो पोत कुणी वरून काढलेला नसतो. ओतलेल्या मालाने साच्याचा उचललेला असतो. मग चांदीही ओताच ना!

समुद्रफेन घ्या, म्हणजे माकूल माशाचं हाड. मधून कापून दोन्ही तुकडे पॉलिश पेपरवर सपाट घासा. एकात २ मिमी खोल चौकोन कोरा, वर नरसाळ्यासारखं तोंड, हवा जायला केसाएवढ्या चरी. आता मऊ ब्रशने कोरलेला भाग हलकेच झाडा. हाडाचे मऊ थर निघून जातात, कडक थरांच्या रेषा वर उठतात. याच रेषा चांदीवर उतरतात. तुकडे तारेने घट्ट बांधा, टाकणखार टाकून चांदी वितळवा आणि एका दमात ओता. केस जळल्यासारखा वास येतो, खिडक्या उघड्या ठेवा.

साचा एकदाच वापरता येतो, त्यामुळे जोडी हुबेहूब जुळत नाही. मला ते फार प्रिय आहे. फळ्यांचे ठसेसुद्धा दोन जागी सारखे नसतात.

ठोकळा मात्र सोडा. १५ मिमी चौरस, २ मिमी जाडीची नुसती भिंत पाच ग्रॅमच्या आत बसते. युनितेचा दर्शनी भाग जिवंत वाटतो तो आत घेतलेल्या सज्ज्यांच्या सावलीमुळे. साच्यात उंचवटे ठेवलेत की दागिन्यात तशाच खाचा येतील. त्या गंधकाच्या द्रावणाने काळ्या करा. रेषांवर पॉलिश अजिबात नको, फक्त कडा कानशीने सरळ.

रेघोटी:
हे सुचलंच नव्हतं! एखादी खाच आरपार ठेवली तर?

ओतकाम:
जरूर, पण एकच. जपानी वास्तुविशारद तादाओ अँडोच्या चर्च ऑफ द लाइटमध्ये (१९८९) काँक्रीटच्या भिंतीतल्या क्रूसाच्या आकाराच्या फटीतून उजेड येतो आणि सगळी जागा त्या फटीची होते. कानात त्या जागी मागची त्वचा किंवा केस दिसतील. साच्यात करू नका, ओतून झाल्यावर करवतीने कापा. ओतीव पृष्ठाशेजारी कापलेली स्वच्छ कड फार छान दिसते. रुंदी १ मिमीच्या खाली नको, चार पावलांवरून दिसायची नाही.