शब्दचर्चा: जखमी वनरक्षक ‘कर्तव्यमुक्त’ की ‘रजेवर’?

पळसपान
मामेभाऊ गडचिरोलीकडे वनरक्षक आहे. गस्तीवर असताना अस्वलाने धरलं. मांडी फाटली, गुडघ्याचं दोनदा ऑपरेशन झालं, अजून पाय वाकत नाही. त्याचा अर्ज मी लिहून देतोय. कुणीतरी तयार मसुदा दिलाय, त्यात ‘दुखापतीमुळे मला कर्तव्यमुक्त करण्यात यावे ही विनंती’ असं आहे. वाचून पोटात गोळा आला. नोकरी राहावी, पगार राहावा, फक्त बरं होईपर्यंत ड्युटी नको, यासाठी नेमका शब्द कोणता? ‘अपंगत्व सवलत’ चालेल का?

जुना लेखापाल
तो मसुदा आधी फाडा. ‘कार्यमुक्त’ म्हणजे बदलीसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा निवृत्तीच्या दिवशी पदाचा कार्यभार सोडणं. ‘कर्तव्यमुक्त’ लिहिलं की टेबलावरचा माणूस तोच अर्थ घेणार, आणि वर्षभराने ‘तुम्हीच मागितलं होतं’ म्हणून तुमचाच अर्ज तुमच्यापुढे ठेवणार.

शब्द नियमात तयार आहे: विशेष विकलांगता रजा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ पाहा. एका इजेपोटी जास्तीत जास्त २४ महिने मिळते. रजेच्या खात्यातून वजा होत नाही, निवृत्तिवेतनाच्या हिशोबात कर्तव्यकाळ म्हणून धरली जाते. वेतन सुरुवातीला अर्जित रजेइतकं, म्हणजे पूर्ण, पुढे अर्धवेतनी रजेच्या दराने. ‘सवलत’ मुळीच लिहू नका. सवलत म्हटली की ती देणाऱ्याच्या मर्जीवर आली.

अनुस्वार
पण ‘विकलांग’ हा शब्द आता सरकारच वापरत नाही ना? दिव्यांग म्हणायचं ठरलंय. २०२२ च्या डिसेंबरात राज्यात वेगळा दिव्यांग कल्याण विभागही झाला. मग अर्जात ‘विशेष दिव्यांगता रजा’ का नको?

जुना लेखापाल
कारण त्या नावाची रजा नियमात नाही. रजेचं नाव म्हणजे विशेषनाम, ते दुरुस्त करून लिहायचं नसतं. केंद्राने मात्र सातव्या वेतन आयोगानंतर आपल्या नियमांतलं हे नाव बदलून कामामुळे झालेला आजार आणि इजा यांची एकच रजा केली. मला ते जास्त पटतं. गुडघा मोडलेला माणूस सहा महिन्यांनी चालायलाही लागेल, त्याला आजच विकलांग कशाला म्हणायचं? पण अर्ज राज्याच्या नियमाखाली आहे, तेव्हा जुनंच नाव, जसंच्या तसं.

बीटवाला
मी याच खात्यातला. आमच्यात असलं कुणी बोलत नाही हो. ‘मेडिकलवर आहे’ म्हणतात, नाहीतर ‘मेडिकल टाकली’. आणि तीच गोची आहे. पोरगा दवाखान्यात असतो, घरचे साध्या कागदावर ‘वैद्यकीय रजा मिळावी’ लिहून देतात, बाबू ती परावर्तित रजेत टाकतो. म्हणजे त्याच्याच खात्यातली अर्धवेतनी रजा दुपटीने कापली जाते. ती संपली की अर्जित, तीही संपली की असाधारण. अस्वलाने पाय नेला आणि रजा कापली कुणाची? याचीच.

परत आला की ‘हलकी ड्युटी’ देतात. तपासणी नाक्यावर बसवतात, रोपवाटिकेत पाठवतात किंवा वायरलेसवर. लेखी काही नसतं. नवे साहेब आले की पुन्हा बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलाच्या भागात गस्तीला.

पळसपान
‘असाधारण’ रजा म्हणजे चांगलीच असेल ना? नाव तर भारदस्त आहे. मसुदा देणाऱ्याने तीही सुचवली होती.

जुना लेखापाल
नावावर जाऊ नका! असाधारण रजा ही बिनपगारी असते. दुसरी कुठलीच रजा शिल्लक नाही तेव्हाची. पण ‘असाधारण निवृत्तिवेतन’ हे कर्तव्य बजावताना इजा झाली किंवा जीव गेला तर मिळणारं, नेहमीपेक्षा वेगळं निवृत्तिवेतन. विशेषण तेच, पण एकात खिसा रिकामा आणि दुसऱ्यात आधार. आमच्या कार्यालयात एकीने हे दोन्ही एकच समजून नवऱ्याची सगळी रजा असाधारण करून घेतली होती. ते निस्तरायला आम्हाला फार लागलं.

खटला क्रमांक
वकिली बाजू सांगतो. रजेच्या नियमात दोन खोल्या आहेत: हेतुपुरस्सर केलेली इजा आणि अपघाती इजा. सागवान तोडणाऱ्याने कुऱ्हाड मारली तर पहिली. अस्वलाचा हेतू शाबीत करायला कुणी जात नाही, तेव्हा तुमच्या भावाची दुसरी. अपघाती इजेत ‘कर्तव्य बजावताना किंवा त्याच्या परिणामी’ हे शब्द कळीचे. नुसतं ‘जंगलात गेलो असता’ लिहिलं तर मोहफुलं वेचायला गेला होता का, असंही विचारतील. ‘नियत क्षेत्रात गस्त करीत असताना’ असं लिहा. (बीटला कागदोपत्री नियत क्षेत्र म्हणतात.) इजा झाल्यापासून तीन महिन्यांत विकलांगता दिसून यायला हवी आणि ती विनाविलंब कळवलेली हवी, अशीही अट आहे. पहिला कळवल्याचा कागद कोणता, ते आधी शोधा.

बीटवाला
भर घालतो. फोनमध्ये एम-स्ट्राइप्स (गस्त नोंदवणारं ॲप) चालू असेल तर त्या दिवशीचा गस्तीचा ट्रॅक काढून जोडा. कुठे होता, किती वाजता, सगळं दिसतं. शिवाय गस्त नोंदवही, पंचनामा.

अनुस्वार
मला यातली एक गंमत दिसते. गुडघा एकच. रजेच्या नियमात त्याची ‘विकलांगता’. वन्यप्राण्यांच्या हल्ल्याच्या अर्थसाहाय्याच्या शासन निर्णयांत ‘कायम अपंगत्व’, ‘गंभीर जखमी’, ‘किरकोळ जखमी’. २०१६ च्या कायद्यात ‘दिव्यांगत्व’. आणि कुऱ्हाडीची केस असती तर पोलिसांच्या कागदात ‘जबर दुखापत’. बोलताना मात्र घरचे ‘पाय अधू झाला’ म्हणतात, आणि तोच शब्द सगळ्यांत सरळ आहे.

खटला क्रमांक
गंमत खरी, पण हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पाय बराच झाला नाही तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम २०(४) लागू होतं. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्याला काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. जुन्या पदाचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं. तेही नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवायचं, योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत. १९९५ च्या कायद्यातही हे होतं. त्यावरच २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुणाल सिंग खटल्यात, पाय गमावलेल्या शिपायाला रुग्णता निवृत्तिवेतन (शरीराने सेवेला असमर्थ ठरल्यावरचं) दिलं म्हणून जबाबदारी संपत नाही, असं सांगितलं.

पळसपान
अधिसंख्य? भाऊ हा शब्द ऐकून बिथरला. म्हणाला, ‘मी काय खोटं प्रमाणपत्र दिलं का?’

जुना लेखापाल
हा हा, बिथरणारच. जातीचा दावा अवैध ठरलेल्या कर्मचाऱ्यांना डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अकरा महिन्यांसाठी अधिसंख्य पदांवर वर्ग केलं, तेव्हापासून राज्यभरच्या कचेऱ्यांत हा शब्द म्हणजे टांगती तलवार. मूळ अर्थ साधा आहे: मंजूर संख्येच्या वर निर्माण केलेलं पद. इथे त्याला अकरा महिन्यांची मुदत नाही, संरक्षण आहे. भावाला समजवा, आणि अर्जात कलमाचा आकडा घाला म्हणजे दुसरा अर्थ कुणी काढणार नाही. पण ते नंतर. आत्ता फक्त रजा मागा. दोन्ही एका अर्जात मागितलं तर ‘हा बरा होणारच नाही’ असं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होईल.

पळसपान
मग हे वाक्य कसं वाटतं?
‘दि. … रोजी माझ्या नियत क्षेत्रात गस्तीचे कर्तव्य बजावीत असताना अस्वलाच्या हल्ल्यात झालेल्या इजेमुळे मी कर्तव्यावर हजर राहण्यास असमर्थ असून, सोबत जोडलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रानुसार मला दि. … पासून विशेष विकलांगता रजा मंजूर व्हावी.’

जुना लेखापाल
उत्तम. ‘ही नम्र विनंती’ शेवटी जोडा, त्याने काही बिघडत नाही. यापूर्वी मंजूर झालेली परावर्तित रजा असेल तर ‘ती या रजेत रूपांतरित करून रजा खात्यात पूर्ववत जमा करावी’ हे वेगळ्या परिच्छेदात.

बीटवाला
एक विचारू? त्याच्यासोबत गस्तीला कुणी होतं का? आम्ही एकटे सहसा जात नाही. रोजंदारीचा वनमजूर असतोच.

पळसपान
होता. त्यानेच काठीने अस्वल हाकललं. त्याच्याही हाताला लागलंय, दोन बोटं वळत नाहीत. त्याच्यासाठीही हाच अर्ज नाव बदलून चालेल का?

खटला क्रमांक
नाही. रोजंदारीवरच्या माणसाला हे रजा नियमच लागू नाहीत, त्याला ‘रजा’ हा शब्दच उपयोगाचा नाही. त्याच्या अर्जात दोन मागण्या वेगवेगळ्या मांडा: वन्यप्राण्याच्या हल्ल्याचं अर्थसाहाय्य, आणि कामावर असताना झालेल्या इजेची नुकसानभरपाई. पंचनाम्यात त्याचं नाव नुसतं ‘साक्षीदार’ म्हणून आहे की ‘जखमी’ म्हणून, ते आजच्या आज पाहा. साक्षीदार म्हणूनच असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या.