मदत हवी आहे: दहा आठवडे झाले, छातीतलं डावं इम्प्लांट अजून वरच आहे

नमस्कार. घरात हे फक्त नवऱ्याला आणि बहिणीला माहीत आहे. दोघंही धीर देतात, पण त्यांना यातलं काही कळत नाही, म्हणून इथे विचारतेय. असं ऑपरेशन करावं की नाही यावर चर्चा नको, ती मी स्वतःशी चार वर्षं केली आहे.

दोन्ही मुलांचं दूध सुटल्यावर माझी छाती अगदी ओघळून रिकामी झाली होती. दहा आठवड्यांपूर्वी इम्प्लांट बसवले. गोल, गुळगुळीत पृष्ठभागाचे, सिलिकॉन जेलचे, दोन्हीकडे २७५ सीसी. वरचा भाग छातीच्या स्नायूखाली आणि खालचा भाग ग्रंथीखाली, अशी जागा केली आहे. टाके स्तनाखालच्या घडीत घेतले होते.

उजवी बाजू पाचव्या आठवड्यातच खाली उतरली. हाताला मऊ लागते, अगदी हवी तशी. डावी मात्र अजून गळ्याच्या हाडाकडे सरकल्यासारखी दिसते. वरचा भाग फुगीर आणि टणक, खालचा भाग भरलेलाच नाही. दोन्ही तळवे एकमेकांवर दाबले की डावीकडचं इम्प्लांट टुणकन वर उडतं. शर्टाची बटणपट्टी सरळ राहत नाही, डावीकडे ओढली जाते. बाहेरच्या कुणाला कदाचित जाणवत नसेल, मला मात्र दिवसभर तेवढंच दिसतं.

सुरुवातीला दोन आठवडे छातीच्या वरच्या बाजूला बांधायचा पट्टा दिला होता. डावी बाजू उतरत नाही म्हणून तो मी अजूनही रात्रंदिवस बांधते आणि दोन्हीकडे खालच्या दिशेने मसाज करते. ताप नाही, लाली नाही, पाणी येत नाही. पुढची तपासणी पाच आठवड्यांनी आहे.

डावं इम्प्लांट खाली येईल का? की आत इम्प्लांटभोवतीचा पापुद्रा, म्हणजे कॅप्सूल, कडक होतेय? कुणाचं दहा आठवड्यांनंतर उतरलंय का?

प्रतिसाद:
ताई, माझं उतरलं, आणि तेही पाचव्या महिन्यात. माझ्याही एका बाजूला असाच गोळा वर बसला होता. स्नायूखाली इम्प्लांट ठेवलं की सुरुवातीला स्नायू आखडलेला असतो आणि इम्प्लांटला वर ढकलतो. तो सैल पडायला आणि खालची त्वचा ताणली जायला तीन ते सहा महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. दोन्ही बाजू एकाच वेगाने उतरतील असंही नाही. सूज सारखी नसते, एका बाजूचा स्नायू जास्त कामात असतो, आणि मुळात कुणाचीच छाती दोन्हीकडे हुबेहूब नसते. तळवे दाबल्यावर वर उडतं ते स्नायूच्या आकुंचनाने. तसं थोडंफार बहुतेकींना होतं. रोज आरशात बघू नका. महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात, हात खाली सोडून फोटो काढा. मला फरक दिसला तो फोटोंतच.

प्रतिसाद:
वरच्या ताईंनी डाव्या बाजूबद्दल लिहिलंय ते बरोबरच आहे. मला काळजी वाटतेय ती उजव्या बाजूची.

तुम्ही लिहिलंय की ती पाच आठवड्यांत उतरली. त्यानंतर ती थांबली का? कारण वर असलेलं इम्प्लांट सहसा सावकाश खाली येतं, पण गरजेपेक्षा खाली गेलेलं आपोआप वर येत नाही. आणि नेमकं त्याच बाजूला तुम्ही दहा आठवडे वरून पट्टा बांधलाय, शिवाय खालच्या दिशेने दाबताय.

आरशासमोर उभ्या राहून उजवा हात डोक्यावर न्या आणि टाक्यांचा व्रण कुठे आहे ते पाहा. तो घडीतच असायला हवा. घडीच्या वर, स्तनाच्या खालच्या फुगीर भागावर आलेला दिसला तर लिहा. मग शिवणकामाची टेप घेऊन स्तनाग्राच्या मध्यापासून खालच्या घडीपर्यंतचं अंतर मोजा, त्वचा हलकी ताणून, दोन्हीकडे सारखीच. स्तनाग्र पूर्वीपेक्षा वरच्या दिशेला बघतंय का, तेही पाहा.

धागाकर्ती:
मोजलं. तीनदा मोजलं. डावीकडे साडेसात सेंटीमीटर, उजवीकडे साडेनऊ. ऑपरेशनच्या आधीच्या कागदावर डॉक्टरांनी हाताने आठ लिहिलंय.

उजवा व्रण घडीत नाही. घडीच्या बोटभर वर आहे, गुलाबी रेघ स्पष्ट दिसते. ब्रा काढल्यावर तिथे लाल वळ उठलेला असतो. इतके दिवस मला वाटायचं ब्राचा कपडा टोचतो. डावीकडची रेघ घडीत लपलेली आहे, शोधावी लागली.

मी इतके दिवस चांगल्या बाजूला बिघडलेल्या बाजूच्या मापाने मोजत होते का? हात थरथरतायत.

प्रतिसाद:
आधी तो पट्टा सोडा. मसाज थांबवा, दोन्हीकडचा, डॉक्टर पुन्हा सांगेपर्यंत. पाच आठवडे थांबू नका. उद्या सकाळी फोन करून एवढंच सांगा: घडीपर्यंतचं अंतर दीड सेंटीमीटरने वाढलंय आणि व्रण वर सरकलाय. "आकार आवडत नाही" म्हटलं की पुढची तारीख मिळते, माप सांगितलं की लवकर बोलावतात. हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

याला सर्जन बॉटमिंग आउट म्हणतात. इम्प्लांटभोवती शरीर एक पातळ पापुद्रा तयार करतं, तीच कॅप्सूल. ती सगळ्यांनाच होते आणि इम्प्लांट जागच्या जागी धरून ठेवायला तिचाच आधार असतो. ती पक्की होण्याआधी खालच्या कडेवर वजन आणि दाब येत राहिला, किंवा तिथली त्वचा मुळातच पातळ असली, की खोबण खाली खाली वाढत जाते. इम्प्लांट घडी ओलांडून उतरतं आणि व्रण मागे, म्हणजे वर राहतो. बाळंतपणानंतर ताणलेल्या त्वचेत हा धोका थोडा जास्त असतो. तुमच्या पट्ट्यानेच हे झालं असं मी म्हणणार नाही. आतली जागा मुळात मोठी कापली गेली तरीही होतं. ते तपासूनच ठरेल.

माझ्या बाबतीत सगळे "बसेल, बसेल" म्हणत राहिले आणि मी आठ महिने थांबले. तोवर अंतर अकरावर गेलं होतं. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये आतून कॅप्सूलला टाके घालून घडी वर बांधावी लागली. आता चार वर्षं जागेवर आहे. तुम्ही दहा आठवड्यांतच पाहिलंत, हे खूप लवकर आहे. या टप्प्यावर बऱ्याचदा आधी खालून आधार देऊन बघतात: घडीखाली चिकटपट्टी आणि खालून घट्ट धरणारी ब्रा, दिवसा आणि रात्रीही. पण ती पट्टी कुठे आणि किती ताणून लावायची हे डॉक्टरांकडूनच शिकून घ्या, घरी अंदाजाने नको.

आणि तुम्ही चूक बाजूला बघत होतात म्हणून स्वतःला दोष देऊ नका. उंच बसलेलं इम्प्लांट डोळ्यात भरतं. खाली गेलेलं सुरुवातीला सुंदरच दिसतं.

प्रतिसाद:
कॅप्सूल कडक होण्याबद्दल विचारलं होतं म्हणून लिहिते, मला एका बाजूला ते झालंय. ती किती कडक झालीय हे ठरवायच्या बेकर पद्धतीत चार पायऱ्या आहेत. पहिलीत स्तन मऊ आणि नैसर्गिक, दुसरीत हाताला थोडा घट्ट पण दिसायला ठीक, तिसरीत घट्ट आणि आकारही बिघडलेला, चौथीत कडक आणि दुखरा. माझी तिसरी होती. फरक असा की मऊ झालेली बाजू नंतर हळूहळू आवळत गेली. तुमची डावी सुरुवातीपासून घट्ट आहे आणि दुखत नाही, तर ती स्नायूमुळे असण्याची शक्यता जास्त वाटते. तरी तपासणीला जाल तेव्हा दोन्ही बाजू दाखवा.

इम्प्लांटचं कार्ड मिळालंय ना? कंपनी, अनुक्रमांक, आकारमान, पृष्ठभाग सगळं त्यावर असतं, जपून ठेवा. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी एक दुर्मीळ लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) जोडला गेलाय, तुमचे गुळगुळीत आहेत ते बरं. सिलिकॉनचं इम्प्लांट आत फाटलं तरी बऱ्याचदा बाहेरून कळत नाही. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये सुचवलंय की काही त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी.

अचानक एकच बाजू सुजली, ताप आला, जखम उघडली, पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला, तर इथे विचारत बसू नका, थेट रुग्णालयात जा.

धागाकर्ती:
जाऊन आले. फोनवर माप सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी बोलावलं.

डॉक्टरांनी बसवून, उभं करून, आडवं झोपवून पाहिलं. त्यांच्या टेपने उजवीकडे नऊ पूर्णांक तीन, डावीकडे साडेसात. उजवी खाली गेली आहे हे त्यांनी लगेच मान्य केलं. दोन आठवड्यांनंतर पट्टा थांबवायचा हे मला स्पष्ट सांगायला हवं होतं, असंही ते स्वतःहून म्हणाले. ते ऐकून मला तिथेच रडू आलं.

डावी बाजू अजून उतरेल, तिथे काळजीचं कारण नाही, कॅप्सूल मऊ आहे. फक्त डावीकडेच, दिवसातून दोनदा, त्यांनी हात धरून शिकवला तेवढाच मसाज. उजवीकडे घडीखाली पट्टी, आधाराची ब्रा चोवीस तास, सहा आठवडे. पळणं, उड्या, छातीचे व्यायाम बंद. अंतर आहे तिथेच थांबलं तर कदाचित काहीच करावं लागणार नाही, दीड-एक सेंटीमीटरचा फरक राहील. वाढत गेलं तर आतून टाके घालून घडी वर घ्यावी लागेल, पण तेही ऊती स्थिरावल्यावर, सहा महिन्यांच्या आत नाही.

ज्या ताईंनी उजव्या बाजूबद्दल विचारलं, त्यांना काय म्हणू? तुम्ही विचारलं नसतं तर मी अजून पाच आठवडे तो पट्टा बांधून झोपले असते.

पट्टी लावायला बहीण रोज सकाळी येते, मला एकटीला खालून नीट ताणता येत नाही. पुढचं माप तीन आठवड्यांनी डॉक्टरच घेणार आहेत. तोवर घरी मोजायचं नाही असं त्यांनी सांगितलंय, म्हणून टेप बहिणीकडे देऊन टाकली आहे. माप घेतलं की इथे आकडा लिहीन.