खोडवा उसात हुमणी : दोनदा आळवणी करूनही बेटे वाळत आहेत

प्रश्न (कराड तालुका) :
नमस्कार. माझ्याकडे मध्यम प्रतीच्या जमिनीत दोन एकर खोडवा (तोडणीनंतर जुन्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेला) ऊस आहे. ऑगस्टच्या अखेरीस काही बेटांची (एका बुडख्याच्या उसांच्या झुपक्यांची) पाने पिवळी पडू लागली आणि आता ती पूर्ण वाळली आहेत. हाताने ओढले असता संपूर्ण बेट सहज उपटून येते आणि खाली अर्धचंद्रासारख्या वाकलेल्या, तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या अळ्या सापडतात. दुकानदाराच्या सल्ल्याने कीटकनाशकाची दोनदा आळवणी केली (म्हणजे औषधाचे पाणी मुळांशी ओतले), तरी नवी बेटे वाळतच आहेत. औषध बदलावे की मात्रा वाढवावी? गेल्या वर्षीही याच कोपऱ्यात थोडा प्रादुर्भाव होता.

उत्तर १ :
मात्रा कृपया वाढवू नका. अडचण औषधात नसून वेळेत आहे. हुमणी म्हणजे जमिनीत राहून मुळे खाणारी भुंगेऱ्याची अळी; तिची वर्षाला एकच पिढी होते. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की जमिनीत दडलेले भुंगेरे तिन्हीसांजेला बाहेर पडतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमून मीलन करतात, रात्रभर पाला खातात आणि पहाटेपूर्वी पुन्हा मातीत शिरतात. त्यानंतर माद्या जमिनीत अंडी घालतात. जून-जुलैत अळी लहान असते आणि बरीचशी कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांवर जगते. ऑगस्टपासून मात्र ती तिसऱ्या अवस्थेत जाऊन उसाची मुळे कुरतडते. आज आपल्याला दिसते ती हीच थोराड अळी. वाढलेल्या उसात पाचटाच्या थरातून आणि मातीतून औषध तिच्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही, आणि पोहोचले तरी लहान अळीइतकी ती सहज मरत नाही.

सध्या वाळलेली बेटे खणून काढा, सापडतील तितक्या अळ्या वेचून रॉकेलमिश्रित पाण्यात टाका आणि तो कोपरा खुणा रोवून ठेवा. पाण्याची सोय असेल, तर तेवढ्याच भागात पाणी साचवून ठेवल्याने काही अळ्या गुदमरून मरतात. हा ऊस शक्य तितक्या लवकर तोडणीला द्या आणि त्यानंतर पुन्हा खोडवा ठेवू नका, हे मी आग्रहाने सांगतो, कारण न नांगरलेल्या रानात हुमणीला वर्षानुवर्षे निवांत आसरा मिळतो. तोडणीनंतर दिवसाउजेडी दोन-तीन वेळा खोल नांगरट केल्यास उघड्या पडलेल्या अळ्या बगळे, कावळे आणि साळुंक्या टिपतात.

पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला, जमिनीत ओल असताना, मेटारायझियम ही परोपजीवी बुरशी एकरी सुमारे ८ किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून मुळांजवळ द्यावी. तिच्यासोबत बुरशीनाशक वापरू नये.

उत्तर २ :
शेणखताबद्दल एक पुरवणी. उकिरड्यात सापडणारी प्रत्येक पांढरी अळी उसाची हुमणी नसते. तेथे गेंड्या भुंग्याच्या किंवा फूलभुंगेऱ्यांच्या अळ्याही असतात. सपाट जागेवर ठेवल्यावर अळी पाठीवर उताणी होऊन सरपटू लागली, तर ती फूलभुंगेऱ्याची समजावी; ती कुजका पदार्थ खाते, जिवंत मुळांना त्रास देत नाही. तरीही खत अर्धवट कुजलेले असेल तर ते शेतात नेऊ नये आणि पसरण्यापूर्वी ढीग उलथून पाहावा.

प्रश्नकर्ता :
मनापासून आभार. बांधावर दोन मोठे कडुनिंब आणि एक बाभूळ आहे. भुंगेरे तेथेच जमत असतील, तर ही झाडे तोडून टाकावीत का?

उत्तर १ :
अजिबात तोडू नका. झाडे गेली तर भुंगेरे शेजारच्या झाडांवर जातील आणि ते आपल्या नजरेआड होतील, एवढेच. भुंगेरे एका ठिकाणी जमतात, हाच आपला सर्वांत मोठा फायदा आहे. पहिल्या पावसानंतर रोज सायंकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान फांद्या काठीने हलवा, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात बुडवा. शेजारी बल्ब लावून त्याखाली पाण्याची घमेली ठेवल्यास प्रकाश सापळाही तयार होतो. मात्र नऊनंतर दिवा बंद करा, अन्यथा उपयुक्त कीटकही मरतात. अंडी घालण्यापूर्वी एक मादी मारली, तर पुढच्या कित्येक अळ्या टळतात. हे काम एकट्याच्या शेतात करून भागणार नाही, कारण भुंगेरे बांध ओळखत नाहीत. मे महिन्यातच शिवारातील शेजाऱ्यांना बोलावून कोणती झाडे कोणी पाहायची हे ठरवून घ्या आणि पहिल्या पावसानंतर किमान दोन-तीन आठवडे हे काम सोडू नका.