पोस्टग्रेस टाकलं, पण उघडायचं कुठून?

ए-३०२: डेस्कटॉपवर पोस्टग्रेस टाकलं, तो डेटाबेसचा प्रोग्रॅम. इन्स्टॉल नीट झालं, पण सुरू कुठून करायचं तेच कळेना. कोणाला माहीत आहे का?

सी-१०४: ताई, ते वर्डसारखं उघडायचं नसतं. सर्व्हर मागे गुपचूप चालू असतो, त्याला स्वतःची खिडकीच नसते. विंडोज असेल तर सर्चमध्ये 'सर्व्हिसेस' टाका आणि यादीत पोस्टग्रेसची ओळ शोधा. पुढे 'रनिंग' दिसतंय?

ए-३०२: हो, रनिंग. शेजारी ऑटोमॅटिक लिहिलंय.

सी-१०४: मग चालूच आहे की! कॉम्प्युटर लावला की तोही आपोआप सुरू होणार. आता त्याच्याशी बोलायला क्लायंट लागतो, तो वेगळा प्रोग्रॅम. पीजीॲडमिन (खिडक्या-बटणांचा) किंवा पीएसक्यूएल (कमांड टाइप करायचा), दोन्ही बहुतेक सोबत आलेच असतील. होस्ट लोकलहोस्ट (म्हणजे हाच कॉम्प्युटर), पोर्ट ५४३२, युजर पोस्टग्रेस. पासवर्ड इन्स्टॉल करताना तुम्ही दिलात तोच.

बी-२०१: एवढा खटाटोप कशाला? एसक्यूलाइट वापरा. सर्व्हर नको, पासवर्ड नको, अख्खा डेटाबेस एका फाइलीत.

सी-१०४: काका, एकट्यापुरत्या नोंदी ठेवायच्या तर तेच उत्तम. पण त्यात युजर, परवानग्या हा प्रकारच नाही, आणि एका वेळी एकच जण लिहू शकतो. ताई, तुम्हाला कशासाठी हवंय?

ए-३०२: कोर्ससाठी. त्यांनी पोस्टग्रेसच सांगितलंय. पीएसक्यूएल उघडलं, पण पासवर्ड टाइपच होत नाहीये 😟

सी-१०४: होतोय, दिसत नाही इतकंच. तिथे टिंबंसुद्धा उमटत नाहीत. टाइप करून सरळ एंटर मारा.

ए-३०२: गेले आत! पण टेबल बनवायची कमांड दिली तर ढिम्म. एररही नाही, नुसती पुढची ओळ येते.

डी-४०३: शेवटचा अर्धविराम राहिला असणार. ओळीच्या सुरुवातीला बघा. आधी 'पोस्टग्रेस' या नावापुढे =# होतं, आता -# झालं असेल. म्हणजे कमांड अजून संपली नाही असं तो धरून बसलाय. नुसता ; टाका आणि एंटर.

ए-३०२: 'क्रिएट टेबल' आलं 🙏

डी-४०३: झालं तर. फक्त ते टेबल 'पोस्टग्रेस' नावाच्या मूळ डेटाबेसमध्ये गेलंय. सरावाला 'क्रिएट डेटाबेस'ने वेगळा करून घ्या. बिघडला तर बिनधास्त उडवता येतो.

ए-३०२: मुलाच्या लॅपटॉपवरून जोडायला गेले तर नकार देतोय.

बी-२०१: फायरवॉल बंद करून बघा.

डी-४०३: काका, नको हो! अख्खं दार काढून ठेवण्यात काय अर्थ? ताई, सुरुवातीला पोस्टग्रेस त्याच मशीनवरून येणाऱ्यालाच आत घेतो. कोणाला आत घ्यायचं ते डेटा फोल्डरमधल्या पीजी एचबीए फाइलीत लिहिलेलं असतं, तिच्यात त्या लॅपटॉपच्या आयपीची एक ओळ घाला, पासवर्डची अट ठेवून. मग सर्व्हिस रीस्टार्ट. फायरवॉलमध्ये फक्त ५४३२ उघडा, तेही घरच्या नेटवर्कपुरतं. राउटरवरून बाहेरच्या इंटरनेटला ते पोर्ट अजिबात देऊ नका.

ए-३०२: करते. आणि बॅकअपला तो डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केला तर चालेल ना?

सी-१०४: सर्व्हर चालू असताना केलेली कॉपी भरवशाची नाही, मधेच काहीतरी लिहिलं जात असतं. पीजी डंप हा बॅकअपचा प्रोग्रॅम वापरा, तो चालू सर्व्हरमधूनही नीट प्रत काढतो. आणि ती प्रत रिकाम्या डेटाबेसमध्ये एकदा परत भरून बघा.

ए-३०२: उद्या बसते त्याला.