सिल्व्हर कार्डासाठी सोफियाच्या वाऱ्या: हुशारी की हौस?

टेम्सकाठचा (धागाकर्ता)
ब्रिटिश एअरवेज १ एप्रिल २०२५ पासून टियर पॉइंट, म्हणजे नेहमीच्या प्रवाशाला सिल्व्हर-गोल्ड दर्जा देणारे पॉइंट, पैशांवर मोजते. तिकिटाच्या पात्र रकमेवर पौंडाला एक पॉइंट; सिल्व्हरला ७,५००, गोल्डला २०,०००. त्याआधी सिल्व्हर ६०० मध्ये मिळायचं आणि पॉइंट मार्गावर ठरायचे. बिझनेस क्लासने लंडन-सोफिया (बल्गेरियाची राजधानी) एका बाजूचे ८०, जर्सी-लंडन ४०; जर्सी म्हणजे ब्रिटनच्या करकक्षेबाहेरचं इंग्लिश खाडीतलं बेट. जर्सीहून लंडनमार्गे सोफिया गाठायचं, तसंच परत यायचं, की झाले २४०. वर, सुरुवात जर्सीतून आणि सगळं एकाच तिकिटावर, म्हणून ब्रिटनचा प्रवासी करही नाही.

२०२३ मध्ये मी अशा दोन वाऱ्या केल्या, उरलेले पॉइंट मुंबईच्या फेरीत निघाले. सोफियात उतरलो, पासपोर्टवर शिक्का, वर जाऊन पुन्हा पट्टा-बूट काढून तपासणी, आणि परत त्याच विमानात. दारात मघाचीच एअर होस्टेस. म्हणाली, "काही विसरलात का?"

लोक हसतात. पण नियम त्यांचे होते, मी फक्त नीट वाचले. आता ती वाटही बंद. माझ्यासारख्या स्वतःच्या खिशातून तिकीट काढणाऱ्याने ७,५०० पौंड आणायचे कुठून?

हिशेबनीस
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! दोन वाऱ्यांची तिकिटं, जर्सीला पोचायचा वेगळा खर्च, सुट्टीचे दिवस. बदल्यात काय, तर लाउंजमधला नाश्ता आणि बुकिंग करतानाच फुकट सीट. एवढ्या पैशांत हवी ती सीट विकत घेऊन विमानतळावर वर्षभर पोटभर जेवला असता की. पॉइंट कंपनी छापते, किंमतही तीच ठरवते. आवळा देऊन कोहळा काढतात आणि आपण आवळ्याचा फोटो टाकतो.

टेम्सकाठचा
नाश्त्यासाठी कोण करतं? आई-बाबांना मुंबईला न्यायचं-आणायचं असतं. हीथ्रोच्या टर्मिनल ५ वर तीन तास बाकावर बसवण्यापेक्षा लाउंज बरं.

हिशेबनीस
सिल्व्हरवर पाहुणा एकच चालतो. मग आई आत आणि बाबा बाहेर? आणि ते दोघेच येतात तेव्हा तुमच्या कार्डाला कोण विचारतो?

निळा_पासपोर्ट
धाग्यात एक गोष्ट सगळेच विसरलेत. हा खेळ ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचा. आमच्या भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा असला तरी सोफियाच्या दारातून आत जाऊन वळून यायचं तर वेगळा व्हिसा लागतो. बल्गेरिया तर शेंगेनमध्येच (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांच्या गटात) आला, मार्च २०२४ मध्ये विमान आणि समुद्रमार्गापुरता, जानेवारी २०२५ पासून पूर्णच. म्हणजे अपॉइंटमेंट शोधा, बँकेचे कागद जोडा, बोटांचे ठसे द्या. आणि अर्जात प्रवासाचं कारण काय लिहू, "लगेच परत येण्यासाठी"?

खिडकीवाली
मला पैशांचं काही नाही, ज्याचे त्याचे. पण कुठेही जायचं नसताना चार-चार विमानं बदलायची, इंधन जाळायचं, आणि घरी येऊन मुलांना सांगायचं की दिवे बंद करा. लाज वाटत नाही का?

टेम्सकाठचा
विमान माझ्याशिवायही उडणारच होतं.

खिडकीवाली
प्रत्येक जण हेच म्हणतो, म्हणून तर ते भरतं. भरतं म्हणून पुढच्या वर्षी फेरी चालू राहते. आणि बिझनेसची सीट इकॉनॉमीपेक्षा जास्त जागा खाते, त्यामुळे माणशी हिशेबही तुमच्याच अंगावर येतो. नवा नियम कंपनीने पर्यावरणासाठी आणलेला नाही हे कळतं मला. तरी या फेऱ्या थांबत असतील तर माझं त्याच्याशी भांडण नाही.

नाना_हाउन्सलो
खिडकीवाली, थांबतायत कुठे! जगभर हेच चाललंय. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये नेहमीच्या प्रवाशांसाठी योजना काढली ती उडलेल्या मैलांवर. आता डेल्टा या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचा दर्जाही खर्चावरच. मग उडणारे कमी होतील असं नाही, फक्त कंपनीच्या पैशाने फिरणारा कन्सल्टंट पुढे बसेल आणि वर्षातून एकदा स्वतःच्या पैशाने गावी जाणारा मागे. निष्ठा ग्राहकाची नाही, त्याच्या ऑफिसच्या क्रेडिट कार्डाची. हे मला खटकतं.

हिशेबनीस
त्यात गैर काय, नाना? दुकानदार उधारीच्या गिऱ्हाइकाला चहा पाजतो की रोख मोजणाऱ्याला? आणि फेऱ्या मोजायचा रस्ता त्यांनी अजून ठेवलाय. वर्षात ५० फ्लाइट केल्या तरी सिल्व्हर मिळतं. धागाकर्त्यांनी बसावं मोजत.

टेम्सकाठचा
मोजून झालं. ५० म्हणजे आठवड्याला जवळपास एक. बायकोने कॅलेंडर पाहिलं आणि काही न बोलता लॅपटॉप बंद केला.

बाकी पाहुण्याचा मुद्दा खरा आहे, हिशेबनीस. मागच्या खेपेला बाबाच म्हणाले, "तुम्ही दोघं जा, मी बसतो बॅगांपाशी." आत आईला चहासुद्धा गोड लागला नाही. पण सोफियाचा पश्चात्ताप मात्र होत नाही, काय करू.