दुकानाचा नियम भावालाही लावावा का?

प्रश्न – कऱ्हाडकर: धाकट्या भावासोबत माझे हार्डवेअरचे दुकान भागीदारीत आहे. गिऱ्हाईक कितीही जुने असो, नोंद केल्याशिवाय माल बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे वडिलांनी घालून दिलेले तत्त्व आम्ही पाळतो; परंतु भाऊ स्वतःच्या घरासाठी रंगाचे डबे नेतो, तेव्हा वहीत काहीच चढत नाही. त्याच्याकडे हिशेब मागणे योग्य ठरेल का?

उत्तर – वहीखाते: अवश्य मागावा. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 च्या कलम 9 नुसार भागीदारांनी परस्परांशी न्यायाने व निष्ठेने वागून खरा हिशेब देणे बंधनकारक आहे, आणि तेथे सख्ख्या भावाला सवलत नाही. करारात वेगळे ठरलेले नसेल, तर कलम 13 प्रमाणे नफा समसमान वाटला जातो. म्हणजे न नोंदलेल्या डब्याची निम्मी झळ तुम्हालाच बसते. दोघांच्या नावे उचल खाते उघडा, नेलेला माल खरेदीच्या भावाने त्यात लिहा आणि वर्षअखेरीस ज्याच्या-त्याच्या वाट्यातून वळता करा. पहिली नोंद मात्र स्वतःच्या उचलीची करावी, म्हणजे भावाला ती झडती वाटणार नाही.

उत्तर – सुमेधा: सहमत, तरीही हा नियम माजघरापर्यंत नेऊ नये. भावजयीच्या आजारपणात कोण किती रात्री जागले, याचा जमाखर्च मांडू लागलात, तर रोजमेळ जुळेल आणि बोलणे तुटेल.

कऱ्हाडकर: पाडव्याच्या वहीपूजनापर्यंत थांबावे काय?

वहीखाते: थांबू नये. आर्थिक वर्ष 1 एप्रिलपासून मोजले जाते, त्यामुळे यंदाचे डबे दोघांनी बसून, आठवून आताच लिहावेत.